गुरुवारची शाळा

भारतीय शिक्षणाला नवी दिशा देणारा एक महान प्रयोग चिंचवडमध्ये झाला आणि तो अगदी जवळून पाहण्याचं भाग्य मला लाभलं. जवळून म्हणजे फारच जवळून. सोनटक्के आणि आमच्यामधली भिंत एका विटेची होती, आणि प्रयोग मोठ्या आवाजात चालायचा.

“सात आठे?”

“छप्पन.”

“गो! सात नवे?”

“चौसष्ट.”

“नो-गो! पुन्हा मशीनवर घे.”

सोनटक्के आमच्याच कंपनीत इन्स्पेक्टर होता. तयार झालेला प्रत्येक नग मापात घालून बघायचा. बसला तर ‘गो’, नाही बसला तर ‘नो-गो’. दिवसभर जगाची अशी वाटणी करून घरी आल्यावर त्याला थांबता यायचं नाही. आमच्याकडची आमटी गो. चाळमालक बबनअण्णांनी दिलेला नवा रंग नो-गो. एकदा माझं कवितांचं कपाट उघडून त्यानं दोन पुस्तकं चाळली आणि म्हणाला, “ह्यात टॉलरन्स लई दिसतो, क्षीरसागर. माप कसंही असलं तरी चालतंय.”

या माणसानं एके दिवशी आपल्या मुलीला, तिसरीतल्या सुमनला, शाळेतून घरी बसवलं.

कारण मला त्यानं ओट्यावर उभं राहून सांगितलं. अंगात इन्स्पेक्टरचा पांढरा कोट होता. तो कोट ही त्याची खरी मिळकत. शिकवतानाही तो घालूनच बसायचा.

“साठ नगांवर एक बाई! पुढच्या बाकावरच्या तिघांना विचारतात, ती बरोबर निघाली की अख्खा लॉट पास. सॅम्पल चेकिंग! अहो, आपल्या कंपनीनं असं केलं तर ट्रक भरून माल परत येईल. आपण घरी शंभर टक्के चेकिंग करणार.”

मला ते पटलं. संध्याकाळी बबनअण्णा भेटले. त्यांची जमीन कारखान्यात गेली होती, चाळ आणि म्हशी राहिल्या होत्या.

“आवो टायमकीपर, पोरगी साळंत न्हाई जात मंजी शिकती कुठं?”

“घरीच शिकते.”

“घरी तर आमच्या म्हशी बी ऱ्हात्यात. त्या कवा शिकल्या?”

मला तेही पटलं. मुलांना घरी शिकवण्याचे फायदे-तोटे या विषयावर माझं मत तेव्हापासून असं दोन्ही बाजूंना टेकून उभं आहे.

प्रयोगाची मुख्य अडचण ही होती की शिक्षक पाळ्यांमध्ये काम करत होता. त्यामुळे शाळाही पाळ्यांमध्ये भरायची. सोनटक्केला पहिली पाळी असली की शाळा संध्याकाळी. दुसरी असली की सकाळी. रात्रपाळीच्या आठवड्यात तो दुपारपर्यंत झोपायचा आणि मग अर्धवट जागा होऊन इतिहास शिकवायचा. त्या आठवड्यात शिवाजीमहाराज आग्र्याहून कधी सुटायचे, कधी तिथंच राहायचे. चाळीतली माणसं सुमनला नळावर विचारायची, “काय सुमे, ह्या आठवड्यात कुठली?” आणि ती बादली खाली ठेवून सांगायची, “सेकंड, काका. पुढच्या आठवड्यात नाइट.”

शाळेला घंटा नव्हती. “घंटा कशाला? कंपनीनं भोंगा दिलाय ना,” सोनटक्के म्हणायचा. सकाळची शाळा असली की साडेअकराच्या भोंग्याला दोघं डबा उघडायचे. घरातच डबा! सोनटक्केची बायको, कमलवहिनी, तीन हातांवर चुलीपाशी बसलेल्या, पण गुरू आणि शिष्या ॲल्युमिनियमच्या डब्यातून गार पोळी-भाजी खायचे. दुसरा भोंगा झाला की झाकण लावून पुन्हा भूगोल.

आणि सुट्टी गुरुवारी. विजेच्या सोयीसाठी कारखान्यांच्या सुट्ट्या वारांवर वाटल्या होत्या आणि आमच्या पट्ट्याच्या वाट्याला गुरुवार आला होता. रविवारी सगळं गाव डबे घेऊन कामावर निघायचं आणि आमची पोरं शाळेला सुट्टी म्हणून गल्लीत हुंदडायची. गुरुवारी उलट. इतकी वर्षं कंपनीच्या टाइम ऑफिसात हजेऱ्या मांडूनही मला यात काही वावगं दिसलं नव्हतं. माझी मुलं मोठी होती आणि रविवारी मी घरात नसतो याचा त्यांना आनंदच होता.

एका गुरुवारी मी दापोडीला मेहुण्याकडे गेलो होतो. परतताना नदीच्या पुलाशी सोनटक्केची सायकल दिसली. खाली काठावर दोघं शेंगा खात बसलेली. अंगात कोट नव्हता. वरून आगगाडी गेली.

“बाबा, ही कुठं जाते?”

“माहीत नाही.”

मी थबकलो. हे दोन शब्द सोनटक्केच्या तोंडून मी कधी ऐकले नव्हते. सुमनलाही उत्तराची घाई दिसली नाही. मी हाक न मारता निघालो. वाटलं, शैक्षणिक सहल असेल.

मार्चमध्ये शाळेच्या मोठ्या बाई स्वतः चाळीत आल्या. नाव अजून पटावर होतं, म्हणून त्यांनी सबुरी ठेवली होती.

“हे बघा सोनटक्के, वार्षिक परीक्षेला बसवा. बसली आणि पास झाली तर चौथीत घेईन. नाहीतर नाव काढावं लागेल. मग तुम्ही आणि तुमचं ते गो-गो.”

“गो, नो-गो,” सोनटक्केनं दुरुस्ती केली. पण त्याचा चेहरा उतरला होता.

परीक्षेपर्यंत भिंतीपलीकडे तीन पाळ्यांमध्ये काम चाललं. पास झाली तर प्रयोग यशस्वी, पण मग पोरगी शाळेत जाणार. नापास झाली तर पोरगी घरी, पण प्रयोग फसला. मी कशाची इच्छा धरावी ते कळेना. सोनटक्केलाही कळत नसावं, कारण तो आमच्या आमटीबद्दल काहीच बोलेनासा झाला.

परीक्षेत सुमनचे पाढे बिनचूक आले. शुद्धलेखनही. मग साडेअकराचा भोंगा झाला. सुमननं पेन्सिल खाली ठेवली, पिशवीतून डबा काढला आणि भर पेपरात जेवायला बसली.

बाई धावत आल्या. “अगं ए! हे काय?”

“लंच झाला, बाई.”

शेजारी बसलेल्या रुखसानानं, सायकलवाल्या इब्राहिमभाईंच्या मुलीनं, प्रसंगाचं गांभीर्य ओळखून आपल्या डब्यातलं लोणचं पुढं केलं. दुसरा भोंगा होईपर्यंत सुमननं पेन्सिल उचलली नाही. तोंडी परीक्षेत आठवड्याच्या सुट्टीचा वार विचारला, तर ती म्हणाली, “गुरुवार.” बाईंनी चूक दिली. सोनटक्केला बोलावून सांगितलं, “पास केलीय मी. पण अहो, तुमच्या मुलीला रविवार माहीत नाही.”

एरवी तो तासभर भांडला असता. चिंचवडमध्ये गुरुवार हे उत्तर बरोबर कसं, हे त्यानं बाईंना कोट घालून पटवलं असतं. या वेळी तो नुसता उठला. चाळीत येऊन ओट्यावर बसला. मी तिथंच होतो. त्यानं सुमनला विचारलं, “मग? चौथी घरीच करायची की तिथं?”

सुमन जरा वेळ चपलेच्या पट्ट्याशी खेळली. मग म्हणाली, “तिथं बाकावर शेजारी कुणीतरी असतं, बाबा.”

शंभर टक्के चेकिंगमध्ये ही गोष्ट तपासायची राहून गेली होती.

जूनमध्ये सुमन शाळेत गेली. त्याच आठवड्यात सोनटक्के टाइम ऑफिसच्या खिडकीशी आला.

“क्षीरसागर, रविवारची सुट्टी कुणाला मिळते?”

“मेंटेनन्सच्या काही लोकांना. गुरुवारी मशिनं बंद असतात ना, तेव्हा दुरुस्तीला ते लागतात. बदली म्हणून कुणाला रविवार, कुणाला सोमवार.”

“मग मला तिकडं घ्या. मी साहेबांशी बोललोय.”

“अहो, तिकडं तेलात लोळायचं असतं. कोट जाईल तुमचा.”

“शिक्षणात पालकांचा सहभाग फार महत्त्वाचा,” तो म्हणाला आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिला.

घरी आल्यावर मी हे सांगितलं तेव्हा कमलवहिनी आमच्याकडे विरजण मागायला आल्या होत्या. त्या हसल्या.

“तुम्हाला काय सांगितलं त्यांनी? बाई शिकवत नाहीत म्हणून काढली? अहो भाऊजी, सेकंडच्या आठवड्यात पोरगी ह्यांना झोपलेलीच दिसायची. उरला गुरुवार. तर गुरुवारी ती दप्तर घेऊन निघाली की हे दारात उभे. ‘आज राहा की घरी’ एवढं म्हणायचं, ते येईना. मग शिक्षणपद्धतीवर बोलायला लागले.”

वाटी घेऊन त्या गेल्या. भिंतीपलीकडे आता सगळं शांत होतं, आणि ते मला चांगलं वाटतंय की वाईट, हेही ठरेना.

सोनटक्केला बदली मिळाली. मेंटेनन्समध्ये आपण होऊन येणारा माणूस कंपनीनं पाहिला नव्हता, त्यामुळे कुणी हरकत घेतली नाही. पांढरा कोट त्यानं स्टोअरला जमा केला.

पहिल्या रविवारी मी नेहमीप्रमाणे कामावर गेलो. संध्याकाळी परत आलो तर हा ओट्यावर बसून सायकलची चेन पुसत होता. सुमनला बसायला कॅरियरवर नवी गादी बांधली होती. पुड्यात शेंगा होत्या, न फोडलेल्या.

“काय सोनटक्के, गेला होता का दापोडीला?”

“नाही.”

“सुमन?”

“रुखसानाकडं. सकाळीच गेली. जेवायलाही तिथंच राहिली.”

मी डबा ओट्यावर ठेवला. त्यानं पेडल उलटं फिरवून, कान लावून चेन ऐकली. बराच वेळ ऐकली.

“गो,” तो शेवटी म्हणाला. चेनबद्दल असावं. मग त्यानं शेंगांचा पुडा माझ्यापुढं केला.

रुखसानाकडं रविवारी खिमा असतो; त्यापुढं शेंगांचं काय चालणार?