जिन्यातला अडथळा

नागरिकाची कर्तव्यं पाळावीत तर मीच पाळावीत! ओला कचरा, सुका कचरा, मतदान, रांग, कशातही माझ्यावर कुणी बोट ठेवलेलं नाही. म्हणून तर आमच्या चार मजली, बिनलिफ्टच्या इमारतीचा मी सलग नऊ वर्षं बिनविरोध सेक्रेटरी आहे. ('बिनविरोध' म्हणजे दुसरं कुणी तयार नाही, असं आमची ही म्हणते.)

तर दुसऱ्या मजल्याच्या वळणावर एक लाकडी खुर्ची होती. एक हात तुटलेला, बूड खचलेलं. कुणी भाडेकरू सोडून गेला असावा. आग लागली तर? माणसं धावतील, खुर्चीला अडकतील, जिन्यात माणसांचा ढीग होईल! रात्रभर मला तो ढीगच दिसत राहिला, आणि सर्वांत खाली मी.

सकाळी बोर्डावर नोटीस लावली. 'जिन्यातील बेवारस खुर्ची मालकाने चोवीस तासांत हलवावी. अन्यथा विल्हेवाट लावली जाईल.' आमच्याकडे नोटीस वाचून खाली सही करायची पद्धत आहे. पहिली सही चौथ्या मजल्यावरच्या टपालकाकांची. निवृत्त पोस्टमन, अक्षर असं की नोटिशीलाच लाज वाटावी! संध्याकाळपर्यंत सगळ्यांच्या सह्या झाल्या. मालक मात्र कुणीच नाही. दुसऱ्या दिवशी मी स्वतः ती खुर्ची डोक्यावर घेऊन भंगारवाल्याकडे पोचवली. जिना कसा ऐसपैस झाला! मी त्यावरून उगाच दोनदा खाली-वर केलं.

अकराव्या दिवशी ही वाटीत काहीतरी झाकून चौथ्या मजल्यावर गेली आणि तशीच परत आली.

"अहो, टपालकाका अकरा दिवस खाली उतरले नाहीत."

"का? पाय दुखतात?"

"उतरता येतं त्यांना. चढता येत नाही. येताना त्या खुर्चीवर दहा मिनिटं बसायचे. रोज चार वाजता हॉस्पिटलमध्ये जायचे ना, काकूंचे केस विंचरायला!"

काकूंना विसरण्याचा आजार आहे, दोन गल्ल्यांपलीकडच्या हॉस्पिटलात त्या वर्षभर आहेत, हे मला माहीत होतं. रहिवाशांच्या यादीत त्यांच्या नावापुढे 'तात्पुरत्या बाहेर' असं मीच लिहिलं होतं.

मी धावत चौथा मजला गाठला. दुसऱ्या मजल्यावर दम लागला. बसायला काही नव्हतं.

"काका, बोलायचं नाही का? सही कशी केलीत?"

"वाचलं म्हणून सही केली, सेक्रेटरी. तुम्ही मालकाला विचारलं होतं. मालक मी नव्हतो. मी नुसता बसायचो."

"एक हाक मारायची! मी हात धरून आणलं असतं."

"रोज?" काका म्हणाले. मी जिन्याकडे पाहिलं.

तसाच भंगारवाल्याकडे गेलो. तो म्हणाला, "ती न्हाव्यानं नेली." न्हाव्याकडे गेलो, तर खुर्चीत अर्धा फेस लावलेलं गिऱ्हाईक! "उठा, ही आमच्या जिन्यातली आहे!" मी ओरडलो.

"मालक तुम्ही का?" न्हाव्यानं वस्तरा रोखून विचारलं.

गिऱ्हाइकाचा दुसरा गाल होईपर्यंत मी उभा राहिलो आणि मग न्हाव्याच्या हातावर पैसे मोजले.

खुर्ची पुन्हा वळणावर आली. न्हाव्यानं हातही नवा बसवला होता. चार वाजता मी आणि काका निघालो. काकांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता, खिशात कंगवा.

काकू खिडकीशी बसल्या होत्या. केसांचा नुसता गुंता. काका पुढे झाले. काकूंनी परक्या पुरुषासमोर सावरावा तसा पदर सावरला.

"बसा हं," त्या अदबीनं म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून एकदम फणकारल्या, "अहो, इतके दिवस होतात कुठे?"

मी मागे पाहिलं. मागे कुणी नव्हतं.

"सांगा, सेक्रेटरी," काका हळूच म्हणाले. "विचारतेय ती."

"जिन्यात... अडथळा होता," मी म्हणालो.

"मग तक्रार करायची! सेक्रेटरी नाही का कुणी?"

"आहे," काकाच म्हणाले. "माणूस चांगला आहे."

आणि त्यांनी कंगवा माझ्या हातात दिला. "गुंता खालून सोडवत या. भांग डावीकडून."

स्वतः ते पाहुण्यांच्या स्टुलावर बसले.

मी गुंता सोडवला. बराच वेळ लागला. भांगही पाडला, माझ्या डावीकडून. मी समोर उभा होतो, म्हणजे काकूंचा तो उजवीकडून पडला, हे नंतर लक्षात आलं.

काकांनी सही केल्यासारखी मान तेवढी हलवली.