रुचिरा पंप वर्क्समधील एक रिक्त पद

मुलुंड पूर्वेच्या एका गल्लीत 'रुचिरा पंप अँड मोटर वर्क्स' हे दुकान रीतसर उघडले. परवाना होता, पाने होते, तांब्याच्या तारेची रिळे होती आणि पंपाचा नुसता आवाज ऐकून त्याचे दुखणे ओळखणारी रुचिरा स्वतः होती. एकच उणीव राहिली होती. दुकानात पुरुष नव्हता.

ही उणीव प्रथम गिऱ्हाइकांच्या लक्षात आली. गिऱ्हाईक पायरीवर उभे राही, समोर मोटर उघडून बसलेल्या रुचिराकडे पाही आणि तिच्या डोक्यावरून आत हाक मारी, "कोणी आहे का?"

"मी आहे ना."

"हो, तुम्ही आहात ते दिसतंय. पण दुकानात कोणी?"

"बोला ना, पंपाला काय झालंय?"

"नाही, असू दे. नंतर येतो."

नंतर कोणी येत नसे.

तिचा नवरा सुयोग गोरेगावला विम्याच्या कचेरीत होता. त्याला रविवारी दुकानात बसवून पाहिले. तो बसला तोवर ठीक चालले. मग तो बोलू लागला. एका गृहस्थांना त्याने इतक्या आत्मविश्वासाने चुकीची मोटर सुचवली की त्यांनी ती आनंदाने नेली, आणि ती जळाल्यावर येऊन रुचिराला झापले. दुकानाला पुरुष हवा, पण न बोलणारा, एवढे या प्रयोगातून सिद्ध झाले.

न बोलणारा पुरुष रुचिराला एकच माहीत होता. ती आयटीआयला शिकत असताना तिथले ग्रंथालय चंद्रप्रकाश सांभाळत. 'शांतता राखा' या पाटीकडे बोट दाखवूनच त्यांनी उभी नोकरी निभावली होती. आता निवृत्त होऊन ते मुलुंड पश्चिमेला राहत, दिवसभर वाचत आणि आपण वाचलेले आपल्याला कळले की नाही, या शंकेत संध्याकाळ घालवत.

"सर, काही करायचं नाही. खुर्चीत बसायचं फक्त."

"अगं, मला पंपातलं ओ की ठो कळत नाही."

"म्हणून तर तुमच्याकडे आले."

"आणि लोकांना कळलं तर?"

"काय कळेल? तुम्ही पुरुष आहात, ते तर दिसतंच."

अशा रीतीने नेमणूक झाली. पद : पुरुष. कामाचे स्वरूप : असणे. अनुभव : जन्मापासून. त्यांची पत्नी शकु डबा भरताना म्हणाली, "घरात इतकी वर्षं हेच करत होतात, मी मेली फुकट करून घेत होते. जा, बाहेर किंमत आहे तर."

दुसऱ्या दिवसापासून दुकान चालू लागले. गिऱ्हाईक येई, आपली तक्रार चंद्रप्रकाशांना सांगे. ते घाबरून रुचिराकडे पाहत. रुचिरा म्हणे, "आतला पंखा झिजलाय, बदलावा लागेल." ते मान हलवत. गिऱ्हाईक त्यांना नमस्कार करून म्हणे, "साहेब, तुम्ही बघितलंत, आता टेन्शन नाही." एकदा एकाने त्यांना सरळच विचारले, "साहेब, सात मजल्यांना केवढी मोटर लागेल?"

चंद्रप्रकाशांना घाम फुटला. "मला... मला खरंच सांगता येणार नाही."

तो माणूस भारावून गेला. "बघा! दुसरा असता तर लगेच ठोकून दिलं असतं. याला म्हणतात अनुभव!" त्याने ही गोष्ट चार सोसायट्यांत सांगितली. साहेब सहजासहजी मत देत नाहीत, अशी कीर्ती झाली.

ती कीर्ती अमृतधारा संकुलापर्यंत पोचली. इमारतींचा तो मोठा पसारा होता आणि प्रत्येक इमारतीखाली पंप. त्यांच्या देखभालीचे कंत्राट मिळाले तर दुकान तरणार होते. नाही तर गाळा सोडून पुन्हा दुसऱ्याच्या हाताखाली पाने पुसायचे, हे रुचिराला ठाऊक होते. तिचा अर्ज कमिटीने पूर्वी परत पाठवला होता. सेक्रेटरी सिद्धेश राणे यांनी समजावून सांगितले होते, "मॅडम, महिला सक्षमीकरणाला आमचा फुल सपोर्ट आहे. ठराव पास केलाय. पण पाणी म्हणजे जबाबदारीचं काम हो." महिला मंडळाच्या द्रौपदीताईंनी तर कमिटीला खासगीत सांगितले होते, "मी स्वतः बाई आहे ना, म्हणून सांगते. बाईवर विसंबू नका."

आता सेक्रेटरींनी साहेबांना पाहणीला बोलावले. रुचिरा बॅटरी घेऊन पंपाच्या खोलीत उतरली. गुडघाभर पाण्यात होती. वर चंद्रप्रकाशांसाठी खुर्ची आली, चहा आला, टेबलफॅन आला.

"साहेब, असिस्टंट मेहनती मिळाली हां तुम्हाला," सेक्रेटरी म्हणाले.

"छे छे, मालक ती आहे."

"काय राव, साहेब, तुम्ही पण!" सेक्रेटरी पोट धरून हसले आणि कंत्राट मंजूर झाले.

पावसाळा गेला, हिवाळा गेला. अमृतधाराच्या सातव्या मजल्यावरही नळ असे धो धो वाहू लागले की लोक धारेखालून तोंड काढून साहेबांचे नाव घेत. मार्च महिन्यात कमिटीने महिला दिन साजरा केला आणि 'एका स्त्रीला उभे करणारा पुरुष' हा पुरस्कार चंद्रप्रकाशांना दिला. रुचिराला समईतले तेल सांभाळायला सांगितले होते. शाल-श्रीफळ हातात आल्यावर चंद्रप्रकाशांना ते पेलवेना. त्यांनी माईक धरला आणि ते जन्मात पहिल्यांदा सभेत बोलले.

"मला पंपातलं काही कळत नाही. दुकान हिचं, काम हिचं. मी नुसता बसतो."

टाळ्या पडल्या. मग हळूहळू त्या थांबल्या, कारण काही लोकांनी वाक्य नीट ऐकले होते.

दुसऱ्याच दिवशी सेक्रेटरी दुकानात आले. "कंत्राट थांबवावं लागेल. आमची फसवणूक झालीय."

"कसली?" रुचिरा म्हणाली. "पाणी येत नाही का?"

"येतंय ना. पण ते कोण आणतं, हे आता कळलंय ना आम्हाला!"

"कालपर्यंत कळलं नव्हतं, तेव्हाही मीच आणत होते."

"तेच तर! किती मोठा धोका पत्करला आम्ही. लहान मुलं राहतात हो संकुलात."

चंद्रप्रकाश कोपऱ्यात आक्रसून बसले होते. आपल्या एका खऱ्या वाक्याने पोरीची वाट लागली, या विचाराने त्यांनी त्याच संध्याकाळी पदाचा राजीनामा दिला. घरी जाऊन पुस्तक उघडले. तेच पान दिवसेंदिवस पुढ्यात राहिले. शकु म्हणाली, "आयुष्यात एकदाच बोललात. तेही नको तिथे."

दोन महिने त्यांना तिकडे फिरकायचे धाडस होईना. एक दिवस न राहवून रेल्वेचा पूल ओलांडून ते पूर्वेला आले आणि दुकानासमोर थबकले. आत गर्दी होती. भिंतीवर त्यांचा स्वतःचा मोठा फोटो होता, फोटोला चंदनाचा हार होता आणि हारापुढे सेक्रेटरी राणे हात जोडून उभे होते.

"देवमाणूस," राणे म्हणत होते. "भर स्टेजवर म्हणाले, मला काही कळत नाही. केवढा विनय! आम्हीच करंटे, खरं मानून बसलो. मॅडम, साहेबांची शिकवण तुमच्याकडे आहे, आम्हाला बास. कंत्राट पुन्हा चालू करा."

राणे गेल्यावर रुचिराने घाईने चंद्रप्रकाशांना मागच्या दाराने आत घेतले.

"अगं, मी जिवंत आहे!"

"मी कुठे नाही म्हटलं? मी एवढंच म्हणाले, सर आता येत नाहीत. फोटो सत्काराचा होता, म्हणून लावला. हार कमिटीने आणला."

"मग मी त्यांना भेटून सांगतो..."

"सर, प्लीज." तिने हातातला पाना खाली ठेवला. तिचे डोळे भरून आले होते. ते तिने कोपराने पुसले, कारण हाताला ग्रीस होते. "तुमचं जिवंत असणं दुकानाला परवडत नाही. जिवंत असलात की तुम्ही खरं बोलता."

चंद्रप्रकाशांनी आपल्या फोटोकडे पाहिले. तो त्यांच्यापेक्षा पुष्कळ जाणकार दिसत होता. ते मागच्याच दाराने निघून गेले.

चंद्रप्रकाशांचे पुढे काय झाले, याची बहुतेक वाचकांना काळजी लागून राहिली असेल, म्हणून कळवतो. त्यांची प्रकृती उत्तम आहे. ते पश्चिमेलाच असतात, आणि पुस्तकाचे ते पान अखेर उलटले आहे. रुचिराचे काय झाले, हे अद्याप कोणी विचारलेले नाही. विचारायचेच झाले तर ती रोज दुकानात असते. फक्त पायरी चढल्यावर तिच्या डोक्यावरून आत पाहू नये.