तीनशे पंचाण्णव ग्रॅमांची मोहीम

प्रथम मोजदाद. टिरोल प्रांती, कोर्बिनियान श्टॉकर यांचे स्वयंपाकघरी, जुलैचे दुसरे शनिवारी मेजावर आढळले ते येणेप्रमाणे: डोंगरी शिकारीची हलकी बंदूक एक, वजन दोन किलो तीनशे ग्रॅम, तीवर चढवावयाच्या दुर्बिणी तीन, वजने सहाशे चाळीस, पाचशे दहा आणि तीनशे पंचाण्णव ग्रॅम, पिठाचा तराजू एक, वजन घटावे म्हणोन दांडा कापलेला दात घासायचा ब्रश एक, आणि गतसालचे गाम्साचे शिंग एक, त्यावर लाल टिकली. खुद्द स्वारीचे वजन एकशे चार किलो. ते तराजूवर मावेना, सबब वगळले.

पुढे जे घडले ते पदरचे न घालता लिहिले आहे.

त्या मुलखाचा कायदा सक्त. गाम्स म्हणजे कड्यावरचा रानबोकड. त्याचे वय शिंगावरील वलये मोजून ओळखावे आणि आठ वर्षांवरील म्हाताराच टिपावा, आणि वसंतात अवघी शिंगे गावच्या खानावळीत भिंतीवर मांडावी, मग पंचांनी जबडा तपासून बरोबर शिकारीस हिरवी टिकली लावावी, चुकलियास लाल. गतसाली कोर्बिनियान यांनी नऊ वर्षांचा म्हणोन जो टिपला तो चार वर्षांचा निघाला, आणि त्या लाल टिकलीखाली अवघे खोरे बिअर प्याले. मग शिकारी मंडळाचे फर्मान सुटले की, दुसरी लाल टिकली झालिया आजोबांपासून चालत आलेली कड्यावरची जागा काढून मेहुणे गालुस यांस द्यावी.

कोर्बिनियान यांनी सर्व दोष जुन्या दुर्बिणीचे माथी मारिला आणि शहरचे बंदूकवाल्याकडून तीन नव्या पसंतीस मागविल्या आणि एकवीस दिवस मसलत चालली. जड घ्यावी तर वलये स्वच्छ दिसतील, परंतु ब्रशाचा दांडा कापल्याचे पुण्य बुडेल. हलकी घ्यावी तर कडा चढवेल, परंतु वलये धूसर. जेवण सुटले नाही, झोप मात्र सुटली. ऐसे पेचात गालुस दाखल झाले.

"दाजी, दोनशे ग्रॅमांसाठी एवढा जीव काढता? पोट घरी ठेवा, तिन्ही नेता येतील!"

"तुझा डोळा माझ्या जागेवर आहे, गालुस."

"माझा राहू द्या. तुमचा डोळा चाराचे नऊ करतो, त्याचं बघा."

हे ऐकोन गृहस्वामिनी वाल्बुर्गा यांनी धुण्याची टोपली उचलली आणि ते कलंकित शिंग एकशे वीस पावलांवर वाळत घातलेल्या चादरींमध्ये चिमट्याने टांगले आणि हुकूम केला की, तिन्ही दुर्बिणी बंदुकीपासून अलग, खिडकीतील उशीवर ठेवून, एकेकीतून वलये मोजावी.

"आणि बंदुकीला हात लावायचा नाही. माझ्या चादरी आहेत तिकडे."

कोर्बिनियान यांनी जड दुर्बिणीस डोळा लाविला आणि दोनदा मोजिले. नऊ. मधलीतून सहा. हलकीतून चार.

"ही आंधळी आहे," ते म्हणाले. "परत पाठव."

"अरे, पण खरे किती आहेत?" वाल्बुर्गा यांनी विचारले.

स्वारीने पुन्हा जड दुर्बिणीस डोळा लाविला.

"चार," वाल्बुर्गा म्हणाल्या. "वलयांच्या मध्ये बारीक नक्षीच्या रेघा असतात, त्यासुद्धा तू मोजतोस. जितकी भारी काच, तितकी बोकडं म्हातारी. बाबांनी मला सहाव्या वर्षी शिकवलं होतं हे."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"बावीस वर्षांत विचारलंस कधी?"

"मग दाजी, नीट मोजायला शिका की," गालुस म्हणाले. "दुर्बीण कशाला?"

ही सूचना नामंजूर झाली. हलकी दुर्बीण मुक्रर झाली, बंदुकीवर चढली, आणि चांदमारीवर गोळ्या पाच झाडून तिचा नेम बसविला. वाचलेल्या दोनशे पंचेचाळीस ग्रॅमांच्या जागी वाल्बुर्गा यांनी धुरावलेले डुकराचे मांस तोलून पिशवीत घातले.

ऑक्टोबरचे अकरावे तारखेस स्वारी कड्यावर कूच करती झाली. सकाळी एकाकी बोकड दिसला. वलये मोजिली तो सात. बोट चापापासून दूर ठेविले. मांस खाल्ले. बोकड बसला, स्वारीही बसली, आणि तीन तास कोणी कोणास हलविले नाही, आणि पाय बधिर झाले, आणि गालुस या कड्यावर बसल्याचे चित्र नजरेपुढे आले, तरी चाप ओढिला नाही. मग बोकड उठला, उन्हाकडे पाठ फिरविली, आणि मोजिले तो नऊ. गोळी एक. रिवाजाप्रमाणे बोकडाचे तोंडी देवदाराची डहाळी ठेविली आणि टोपी काढिली.

वसंतात खानावळीत शिंगे मांडिली. गालुस बिअर घेऊन भिंतीपाशीच उभे होते. पंचांनी जबडा पाहिला, शिंग हाती फिरविले आणि नोंद केली ती येणेप्रमाणे:

वलये अकरा. टिकली एक, रंग हिरवा, व्यास आठ मिलिमीटर.