बाल्कनीतला पाऊस

बायको वॉशिंग मशीनसाठी बाल्कनीच्या कोपऱ्याचं माप घेत होती, नेमकं तेव्हाच मी ठरवलं, की त्या कोपऱ्यात झाड लावायचं. (मला काहीही सुचतं ते असं वेळेवर.)

झाडही ऐरंगैरं नाही. आपल्याच घनदाट जंगलातलं, बारा महिने हिरवं, लाल आंबटगोड फळांचं. नर्सरीवाल्यानं दोन कलमं पुढे सरकवली. "जोडीनंच न्या साहेब. जोडी फोडू नका." मी मनात म्हटलं, एकाच्या जागी दोन गळ्यात मारतोय लेकाचा. तरी भिडेखातर दोन्ही आणली.

"फळं कधी येणार?" बायकोनं विचारलं.

"चार वर्षांत."

"नाही आली, तर झाड जाणार आणि मशीन येणार. तोवर कपडे मी हातानं धुते. पण पाठ माझी आहे, एवढं लक्षात ठेवा."

"कबूल!" मी छाती काढून म्हणालो. (पाठ तिचीच होती.)

जंगली झाडाला दमट हवा लागते असं कुठंतरी वाचलं. मग काय, बाल्कनीच्या छताला नळी टांगली, तिला भोकं पाडली आणि सकाळ-संध्याकाळ पाऊस सुरू केला. झाड खूश, मी खूश. खालच्या मजल्यावरचे निवृत्त हेडमास्तर तेवढे ओलंचिंब वर्तमानपत्र घेऊन वर आले.

"तुमच्याकडे पाऊस पडतोय का हो?"

"हो सर. झाडासाठी."

"आणि माझ्याकडे कशासाठी?"

तक्रार सोसायटीच्या सभेत जाऊ नये, म्हणून मी त्यांना जोडीतलं मरतुकडं कलम भेट दिलं. धडधाकट अर्थातच आपल्याला ठेवलं. (मी काही इतका बावळट नाही.) त्यांनी ते माझ्या गळतीखाली ठेवलं आणि विसरून गेले.

मी मात्र हटलो नाही. ऑफिसात साहेब झापत असायचे आणि माझ्या डोक्यात शेणखत. चौथ्या वर्षी झाड फुलांनी भरलं तेव्हा मी घरभर नाचलो. मग फुलं गळायला लागली. मी ब्रशनं एकेका फुलाला गुदगुल्या केल्या, हात जोडले, शेवटी दमसुद्धा दिला. फळ एक नाही. मला खरोखर रडू आलं.

बायकोनं शांतपणे मशीन मागवलं. दोन माणसं ते घेऊन दारात उभी, मी झाडाला मिठी मारून उभा, आणि एवढ्यात हेडमास्तर धापा टाकत वर आले. हातात टोपली, टोपलीत लालबुंद फळं!

"झाडाला हात लावू नका! नर्सरीत विचारून आलोय मी. तुमचं झाड नर आहे, माझं मादी. तुमचं गेलं, तर माझी फळं बंद!"

बायकोनं एक फळ तोंडात टाकलं. "म्हणजे याला फळ कधीच येणार नाही?"

"जन्मात नाही."

"पाणी, खत, जागा मात्र सगळं लागणार?"

"सगळं."

"आणि काढताही येणार नाही?"

"कृपा करून नकाच काढू, वहिनी."

बायकोनं झाडाकडे पाहिलं. मग बराच वेळ माझ्याकडे पाहिलं.

"राहू दे," ती म्हणाली. "सवय आहे मला."

मशीन आता माझ्या आरामखुर्चीच्या जागी बसलंय. मी झाडाशेजारी स्टुलावर पेपर वाचतो. पाच मिनिटं जरी निवांत मिळाली, तरी खालून हेडमास्तरांची हाक येते, "अहो, आज पाऊस विसरलात का?"