झोपलेल्या राजकन्येची कूस

कांबळे सिस्टर वाचनालयाचं पुस्तक परत करतात, तेव्हा त्यात एक चिठ्ठी असते आणि चिठ्ठीवर त्या पुस्तकाची तब्येत लिहिलेली असते.

सहाशे पानांच्या एका ऐतिहासिक कादंबरीत निघाली होती, "अंगावर सूज. दोनशे पानं उतरली पाहिजेत." एका कवितासंग्रहात, "अशक्तपणा. दुखत काही नाही, कण्हणं फार." एका रहस्यकथेत, "नाडी उत्तम होती. शेवटच्या प्रकरणात अचानक दगावली."

आमचं वाचनालय मंगळवार पेठेत, एका पिठाच्या गिरणीच्या वरच्या मजल्यावर आहे. मी तिथला ग्रंथपाल. आता पुस्तकाला पिठाचा वास यायला लागला की मला कळतं, हे बरेच दिवस कुणी नेलेलं नाही. सिस्टर सरकारी दवाखान्यातून निवृत्त झाल्या आणि दुसऱ्याच आठवड्यात सभासद झाल्या. निवृत्त नुसत्या कागदावर. पेपर वाचायला आलेले म्हातारे खोकले, की त्या पुस्तकातून डोकं वर न काढता म्हणतात, "तोंडावर रुमाल!" एकदा आमच्या अध्यक्षांच्या पायाची सूज बघून त्यांना भर सभेतून उठवून तपासायला पाठवलं होतं. वर धीरही दिला, "घाबरू नका, काय हुत न्हाय." अध्यक्ष तोवर घाबरलेले नव्हते. त्यानंतर घाबरले.

सिस्टर वाचतात मात्र पोरांची पुस्तकं. कुमारांच्या कपाटासमोर स्टूल ओढून बसतात. मी एकदा कारण विचारलं.

"मोठ्यांच्या पुस्तकात माणसं नुसती खिडकीत बसून विचार करत्यात," त्या म्हणाल्या. "पोरांच्या पुस्तकात उठून कायतरी करत्यात की."

तर या कपाटात गेल्या वर्षी एक नवी कादंबरी आली. झोपलेल्या राजकन्येची जुनी परीकथा, पण आजच्या मुलींसाठी नव्यानं लिहिलेली. यात राजपुत्र नाहीच. राजकन्या शंभर वर्षांनी स्वतःच जागी होते, घोड्यावर बसते आणि जिनं शाप दिला त्या बाईला जाब विचारायला निघते. लिहिणारी ईशा नावाची आमच्या कोल्हापूरचीच मुलगी. वय सव्वीस. हे तिचं पहिलंच पुस्तक. कॉलेजच्या मुलींनी त्यासाठी नंबर लावले. सिस्टरांनीही लावला आणि तीन दिवसांत पुस्तक परत आणलं.

या वेळी चिठ्ठी पाठपोट भरलेली होती.

"पेशंट शंभर वर्षं अंथरुणात. पाठीला एक जखम नाही. कसं शक्य आहे? उताणी झोपवली होती असं लिहिलं आहे. कूस कोण बदलत होतं? महालात एक म्हातारी दासी जागी राहिली होती. ती चाळिसाव्या पानावर वारली. तिला नाव नाही. सुट्टी नाही. बदली माणूस नाही. पुढं पेशंटकडे कोण बघत होतं? पुस्तक बाकी धट्टंकट्टं आहे, पण एवढं तपासून घ्यावं."

मी चिठ्ठी घडी करून खिशात घातली. कारण त्याच रविवारी ईशा वाचकांचं मत ऐकायला आमच्याकडे येणार होती.

"सिस्टर, पोरगी नवीन आहे," मी म्हणालो. "जरा बेतानं बोला."

"भाऊ, इंजेक्शन बेतानं दिलं तरी सुई आत जायाच पायजे की."

रविवारी सकाळी वीसेक मुली आल्या. ईशा साधा कुर्ता घालून आली होती, हातात वही. मुलींनी भरभरून कौतुक केलं. एकीला घोडा आवडला, एकीला शेवटचं भांडण. एक मुलगी म्हणाली, हे वाचून मी घरात पहिल्यांदा आवाज चढवला. सगळ्या हसल्या. ईशाचा चेहरा खुलला. मला वाटलं, निभावलं.

मागच्या रांगेतून सिस्टर उठल्या.

"पुस्तक चांगलं हाय," त्या म्हणाल्या. "पोरगी उठून जाते ते मला लई आवडलं. पण ती उठली त्या दिवशीच घोड्यावर बसली कशी? शंभर वर्षं पडलेल्या माणसाचं पायच धरायचं न्हाईत. आणि पाठीचं काय?"

ईशाला कळेना. "पाठीचं?"

"एका अंगावर पडून ऱ्हायलं की कातडी सडतीया, पोरी. आठ दिवस लागत न्हाईत."

"मावशी, ती परीकथा आहे," ईशा हसायचा प्रयत्न करत म्हणाली. "ती जादूनं झोपली आहे."

"जादूनं झोपली तरी अंग अंगच असतंय की."

मी माझ्या चपलांकडे बघत बसलो. पण ईशानं वही उघडली. तिचा चेहरा उतरला होता, तरी तिनं विचारलं, "मग काय करतात? मला खरंच माहीत नाही."

सिस्टरांनी खोलीभर नजर फिरवली. ती माझ्यावर येऊन थांबली.

"भाऊ, चपला काढा. टेबलावर पडा."

माझं वजन ब्याण्णव किलो आहे. वीस मुलींच्या देखत मी वर्तमानपत्रांच्या टेबलावर उताणा झालो. पोटावर कालचा अग्रलेख आला, तो सिस्टरांनी बाजूला केला.

"ओढायचं न्हाय," त्या सांगू लागल्या. "पलीकडचा गुडघा दुमडायचा. एक हात खांद्यावर, एक कमरंवर. आणि आपल्याकडं घ्यायचं." पुढच्या क्षणी मी कुशीवर होतो. कसा झालो ते मला कळलं नाही. मुलींनी टाळ्या वाजवल्या. सिस्टरांचं लक्ष नव्हतं. त्यांचा तळहात माझ्या पाठीवरून सावकाश फिरत होता, मणका मणका चाचपत.

"झालं ताई, झालं," त्या हळू म्हणाल्या. "आता बघ, खिडकी दिसतीया."

टाळ्या थांबल्या. सिस्टरही थांबल्या. त्यांनी हात मागे घेतला.

मी टेबलावरून उतरावं की नाही, मला समजेना. तसाच पडून राहिलो.

"ताई कोण?" ईशानं विचारलं.

"माझी थोरली भन. सोनाताई. मुरगूडला दिली हुती." सिस्टर खुर्चीवर टेकल्या. "अर्धांगाचा झटका आला. तिकडं कोण करणारं नव्हतं, मग माझ्या दोन खोल्यांत आणली. नऊ वर्षं हुती. मी ड्युटीवर असलो की शेजारीण बघायची, घरी असलो की मी. दर दोन तासांनी कूस बदलायची."

"आणि तुम्ही झोपायचा कधी?"

"झोपायचो की. मधी मधी."

पुढच्या रांगेतल्या एका मुलीनं अगदी हळू विचारलं, "त्या उठल्या का नंतर?"

"न्हाय." सिस्टरांनी मान वर केली. "पण पाठीला एक जखम न्हाय. नऊ वर्षांत एक न्हाय. शेवटी डाक्टर बघायला आले, ते म्हणाले, सिस्टर, साधा डागसुद्धा न्हाय."

मी गुपचूप उठून बसलो.

ईशा वहीकडे बघत होती. "मी त्या दासीला उगाच मारलं," ती म्हणाली. "पुढच्या आवृत्तीत नाही मारणार."

"मरू दे की. माणूस मरतंयच. पण त्याआधी तिला नाव दे."

"काय नाव देऊ?"

सिस्टरांनी चष्मा डबीत ठेवला, पर्स खांद्याला लावली आणि दाराकडे चालू लागल्या. मला वाटलं, आपण सगळ्यांनी मिळून त्यांना दुखावलं. उंबऱ्याशी त्या उभ्या राहिल्या, पाठमोऱ्याच.

"विमल ठेव," त्या म्हणाल्या. "ताईचं सगळं बोलणं गेलतं. तेवढं एक नाव यायचं तोंडातनं. आता त्या नावानं हाक मारणारं कोण न्हाय."

ईशानं वहीत लिहिलं. मग कानाला कसं लागतं ते बघावं, तसं मोठ्यानं म्हटलं,

"विमल."

"ओ," सिस्टर म्हणाल्या, आणि मागे वळल्या.