कपाटात कोंडलेला हुंकार

या, असे जवळ सरका. गोष्ट सांगतो, पण मधूनमधून 'हं' म्हणायचं. हुंकार नसला की भल्याभल्या बुवांचाही सूर पडतो.

एक मास्तर होते, मुलांच्या पुस्तकांचे वेडे. शाळेतून आले की चहाच्या आधी लेकीला गोष्ट, आणि राक्षस आला की राक्षसाच्याच आवाजात. त्या राक्षसापायी घशात गाठ आली. डॉक्टर म्हणाले, "उद्या काढू. पुढे आठ दिवस मौन. साधं 'हं' केलंत तरी आवाज गेला समजा."

आठ दिवस लेक गोष्टीविना? मास्तरांनी माळ्यावरून वडिलांचा टेपरेकॉर्डर काढला, त्यातल्याच जुन्या कॅसेटवर दार लावून गोष्टी भरल्या आणि निश्चिंत मनाने घसा डॉक्टरांच्या हवाली केला.

मौनातल्या पहिल्या दुपारी लेकीने बटण दाबलं. मास्तर पाटी घेऊन शेजारी बसले.

"एका जंगलात राक्षस राहायचा," टेपमधले मास्तर म्हणाले आणि श्वासापुरते थांबले. त्या थांबण्यात कुणीतरी सावकाश, खोलातून म्हणालं, "हं."

लेकीने बापाकडे पाहिलं. मास्तरांनी मिटलेल्या ओठांवर बोट ठेवलं.

"त्याला माणसाचा वास आला."

"हं… मग?"

बायको हातातल्या डावासकट स्वयंपाकघरातून बाहेर आली. "अहो, खोलीत कोण होतं तुमच्याबरोबर?"

मास्तरांनी लिहिलं : कुणी नाही.

"मग हा कुणी नाही बोलतोय कसा?"

"आई, त्याला पुढचं ऐकायचंय," लेक म्हणाली.

"त्याला ऐकू दे. तू ऊठ. गोष्टी बंद आजपासून." मास्तर पाटी पुसून निषेध लिहीपर्यंत यंत्र आणि पुस्तक कपाटात गेलं, किल्ली कमरेला गेली. मुक्या माणसाला भांडणात कोण विचारतो?

दुसऱ्या दिवशी हातापाया पडून त्यांनी यंत्र तेवढं सोडवलं आणि दुरुस्तीवाल्याकडे नेलं.

"जुनं पुसणारा भागच झिजलाय, मास्तर," तो म्हणाला. "तुमच्या आवाजाखाली आधीचं तसंच राहिलंय." त्याने कॅसेटचं मास्तरांनी न भरलेलं टोक लावलं. एक पोर अडखळत धडा वाचत होतं, आणि प्रत्येक वाक्यामागे तोच आवाज, "हं… मग?"

पोर म्हणजे ते स्वतः. हुंकार वडिलांचा, जे कधीच देवाघरी गेले होते. गिरणीतून दमून यायचे, अक्षरओळख नव्हती, पण लेकाचं पुस्तक रोज कान देऊन ऐकायचे.

यंत्र दुकानात ठेवून मास्तर घरी आले आणि सगळं पाटीवर लिहिलं. बायकोने पाटी दोनदा वाचली आणि कपाट उघडलं. "पण आता वाचणार कोण?"

"मी," लेक म्हणाली. नुकती कुठे जोडाक्षरांशी झटापट चालू होती. तिने ओळीखाली बोट धरलं. "रा…क्षस झो…पला."

"हं… मग?"

"अहो, आवाज जाईल ना तुमचा," बायको कळवळली.

मास्तरांनी लिहिलं : मी नाही.

लेकीने मान वर केली नाही. "सांगते ना आजोबा, पान तर उलटू द्या," ती म्हणाली.

तेव्हा बाबांनो, पुढच्या खेपेला पोरापुढे पुस्तक उघडाल तेव्हा पहिल्या वाक्यानंतर जरा थांबा. तुम्हाला पहिल्यांदा 'मग?' विचारणारं जे कुणी होतं, त्याची आठवण काढा. देवाची मागाहून काढली तरी तो रागवायचा नाही.