अप्पांचा इंग्रजी आठ

मल्लिकार्जुनअप्पांची नवी स्कूटी तीन महिन्यांपासून अंगणात उभी होती आणि तिची किल्ली चन्नबसम्माच्या कमरेला होती. ही व्यवस्था लेकीची. वैजयंतीला परभणीच्या कृषी विद्यापीठात नोकरी लागली, तिनं बापाची जुनी गाडी मोडीत काढून नवी घेऊन दिली आणि आईला बजावलं, "लायसन निघाल्याबिगर किल्ली द्यायची न्हाई." पंचवीस वर्षं जिंतूरभर बिनलायसनचे हिंडलेले अप्पा आता घर ते किराणा दुकान पायी जात होते. एका जागी बसणं त्यांच्या रक्तातच नव्हतं. दुकानात ते दर पाच मिनिटांनी उठत, रस्त्यावर नजर टाकत आणि उगाच पुन्हा बसत.

लर्निंगची परीक्षा ते झटक्यात पास झाले होते. पक्क्या लायसनला मात्र त्यांचे हातच आडवे आले. परिवहन खात्याचं शिबिर महिन्यातून एकदा गावात भरे. मैदानात चुन्याच्या फक्कीनं इंग्रजी आठ आखलेला असे, त्यावरून पाय न टेकवता गाडी फिरवायची. अप्पांनी अर्धा आठ झकास काढला आणि तेवढ्यात कुंपणापलीकडे महांतेश स्वामी दिसले. मठाचे स्वामी समोर आले आणि अप्पांनी हात जोडले नाहीत, असं जन्मात झालं नव्हतं. "शरणार्थी, स्वामीजी," असा लिंगायती नमस्कार करत त्यांनी दोन्ही हात जोडले. मोकळ्या झालेल्या गाडीनं सरळ साहेबांचं टेबल गाठलं.

"काका, हे काय?" फायलीवर सांडलेला चहा पुसत साहेबांनी विचारलं.

"स्वामीजी होते, साहेब."

"देव आला तरी हँडल सोडायचं नाही. या पुढच्या महिन्यात."

घरी चन्नबसम्मानं निदान केलं. "स्वामीजीचं काय घेऊन बसलात? पंक्चरवाल्या मुंजाजीनं राम राम घातला तरी तुमचा हात सुटतो. भाजीवाल्या बायनाबाईला बी सुटतो. सवयच मोडा. पायी चालताना बी हात वर जायला न्हाई पायजे."

"लोकं काय मनतेन?"

"लोकं लायसन देतेत का?"

दुसऱ्या दिवसापासून अप्पा दोन्ही हातांत भरलेल्या पिशव्या घेऊन निघू लागले. नुसती मान हलवावी, तर मान हलली की नजर रस्त्यावरून हटते, म्हणून वैजयंतीनं तीही बंद केली. रविवारी ती मागे बसून सराव घेई. "अप्पा, आरशात बगा. इंडिकेटर द्या. त्या माणसाकडं बगू नका."

"अगं, मावसभाऊ हाय माजा."

"आसू द्या."

मुंजाजीनं तीन दिवस राम राम घातला. चौथ्या दिवशी तो टायरमध्ये तोंड घालून बसला. अप्पा समोरून गेले की बायनाबाई मोठ्यानं म्हणू लागली, "लेकीला नोकरी लागली आन अप्पाची मान ताठ झाली. आता गरिबाला कोन वळखतंय?" सवय परत लागेल या धास्तीनं अप्पा दुकानातही हात मांडीखाली दाबून बसत. गिऱ्हाइकं समोरच्या दुकानात जाऊ लागली. टेबलाला धडकल्याचं स्वामींनी कुणाला सांगितलं नव्हतं, आणि आपण होऊन ते सांगायचं म्हणजे अब्रूच जाणार. अप्पा आतल्या आत तडफडत राहिले. एकदा लायसन हातात येऊ दे, मग एकेकाच्या दारात गाडी उभी करून दोनदोनदा राम राम घालू, असा त्यांनी निश्चय केला.

"जमायलंय की तुमाला," चन्नबसम्मा खूश होती.

शिबिराच्या दिवशी वैजयंती रजा टाकून आली. कुंपणाला निम्मा बाजार लोटला होता. अप्पांनी हेल्मेटचा पट्टा आवळला, हँडल घट्ट धरलं आणि गाडी आठात घातली. पहिलं वळण सुरेख निघालं. पुढे मुंजाजी उभा होता. अप्पांनी दातओठ खाल्ले आणि राम रामाची वाट पाहिली. मुंजाजीनं तोंड फिरवलं. पलीकडं बायनाबाई होती, तिनं पदर सारखा केला आणि मोबाईल काढला. तिसरा माणूस आभाळ बघत होता. मग तर मावसभाऊच आला, आणि तोही पाठ करून उभा राहिला.

खरंच कुणी बोलत नाही की काय, हे बघायला अप्पांनी मान मागे वळवली. गाडी डगमगली आणि त्यांचे दोन्ही पाय जमिनीला टेकले.

"काका, आज कुणाला हात जोडले?" साहेब उठून आले.

"कुनालाच न्हाई, साहेब. कुनी बोललंच न्हाई."

"मग तर सोपंच होतं."

"सोपं कसलं? पन्नास वर्षं हाय मी या गावात," अप्पा म्हणाले.

साहेबांनी कागदावर नापासाचा शेरा मारला. गाडी तिथेच स्टँडवर लावून अप्पा कुंपणाकडे गेले आणि टेबलापासूनची सगळी हकिकत त्यांनी सांगून टाकली. लोक पोट धरून हसले. मुंजाजी म्हणाला, "अवो, आदी सांगायचं की. आमी हात खिशात घालून हुबे ऱ्हायलो असतो." सगळ्यांशी राम राम करण्यात अप्पांचा अर्धा तास गेला.

चन्नबसम्मा लांबून बघत होती. "वैजू, माजा लर्निंगचा फॉर्म भर," ती म्हणाली.

"तुजा?"

"ह्यांचं काय या जन्मात व्हायचं न्हाई. पंचवीस वर्षं ह्यांच्या माघं बसून हिंडले. सगळे राम राम पुढं बसनाऱ्याला. मला कोन घालतंय? माजे हात मोकळेच हायेत."

अप्पांना आणि मुंजाजीलाही हे ऐकू गेलं. मुंजाजीनं ओशाळून तिच्याकडं पाहत हात जोडले. "राम राम, अक्का."

"थांब जरा," ती म्हणाली आणि वैजयंतीला जन्मतारीख सांगू लागली.